सलुकीचा पट्टा आणि माझी मेलेली बोटं

माझ्या उजव्या हाताची अंगठ्यापासूनची तीन बोटं निम्मी मेलेली आहेत. वर्षानुवर्षं सोल्डरिंग आयर्न धरून त्यांची टोकं अशी राठ झाली आहेत, की उकळत्या चहाचा स्टीलचा पेला मी सहज उचलतो आणि बायको दर वेळी ओरडते. मला या बोटांचा भारी अभिमान होता. गिऱ्हाइकासमोर मुद्दाम गरम सर्किट चिमटीत धरून दाखवायचो. मागच्या हिवाळ्यापर्यंत ही मिजास चालली.

माझं टेबल बाब अल बहरीन या बाजाराच्या जुन्या वेशीमागच्या एका बोळात आहे. सोन्याची दुकानं आणि कापडवाले मागे टाकले की लागतं. दुकान मालकाचं, पण टेबल माझं, कारण एकोणीस वर्षांत तिथे दुसऱ्या कुणी हत्यार उचललेलं नाही. वॉकीटॉकी, गाडीचे रिमोट, कानाची मशीन, जे काही बॅटरीवर चालतं आणि अचानक चालेनासं होतं ते माझ्याकडे येतं. मी मूळचा रत्नागिरीकडचा. घर झिंजमध्ये, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर.

कुत्र्याच्या गळ्यातला विजेचा पट्टा मी पहिल्यांदा पाहिला तो एका बहरीनी म्हाताऱ्यामुळे. मीना सलमानच्या बंदरातून निवृत्त झालेला, उंच, वाळलेला माणूस. पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी, डबीच्या आतल्या बाजूला दोन धातूची टोकं, ती कुत्र्याच्या मानेला टेकतात. रिमोट मालकाच्या हातात. एक बटण दाबलं की डबी बीप करते, दुसरं दाबलं की थरथरते, आणि तिसरं दाबलं की टोकांतून झटका बसतो. झटका किती मोठा हे एक ते दहापर्यंतच्या डायलवर ठरतं. चार्जिंग होत नाही म्हणून त्याने तो आणला होता.

मी तो उघडता उघडता म्हणालो, "हाजी, जनावराला शॉक देऊन काय मिळतं?"

माझ्या सुरात जरा शहाणपणा होता. तो चिडला नाही. स्टूल ओढून बसला आणि भारतीय व्यापाऱ्यांकडून शिकलेल्या आपल्या मोडक्या हिंदीत समजावू लागला. त्याच्याकडे सलुकी होते. सलुकी म्हणजे इथला जुना शिकारी कुत्रा, पोट खपाटीला गेलेलं, लांब पाय, कानांवर रेशमासारखे केस. हा वासावर नाही, नजरेवर शिकार करतो. ससा पळताना दिसला की त्याचे कान बंद होतात. मग मालकाने कितीही ओरडावं. म्हाताऱ्याची आधीची कुत्री अशीच सशामागे धावत वाळवंटातल्या रस्त्यावर गेली आणि पिकअपखाली आली. तो धावत पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

"एक ही काम के लिए है ये," तो पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाला. "वापस आओ. बस. दूसरा कुछ नहीं."

पुढची काही वर्षं तो दर थंडीच्या आधी पट्टा तपासायला आणायचा आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं शिकवून जायचा. मला कुत्र्याचं काही घेणंदेणं नव्हतं, पण काम चोख करणाऱ्या माणसाचं बोलणं मला ऐकावंसं वाटतं. आधी कित्येक आठवडे लांब दोरी बांधून "ये" म्हटल्यावर यायला शिकवायचं. जे कुत्र्याला शिकवलेलंच नाही त्यासाठी बटण दाबायचं नाही. मग दहा दिवस पट्टा बंद ठेवून नुसताच गळ्यात घालायचा, सवय व्हावी म्हणून. पट्टा आणि मान यांच्यात एक बोट जेमतेम जाईल इतपत आवळायचा, काही तासांनी काढायचा, नाहीतर टोकांखाली कातडी सोलवटते. आकडा एकपासून चढवायचा आणि कुत्र्याचा कान नुसता हलला की थांबायचं, तोच त्याचा आकडा. त्याच्या आत्ताच्या कुत्रीचा आकडा दोन होता. ओरडली तर चूक कुत्र्याची नाही, आपली. राग आला असेल तर रिमोट खिशात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वेळ. झटका बसतो त्या क्षणी कुत्रा ज्याच्याकडे बघत असेल, त्यालाच तो दोष देतो.

दर हंगामात तो पट्टा आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायचा, माझ्या टेबलाशी उभा राहून. दोनवर त्याची भुवई हलायची. मग म्हणायचा, "तमाम." म्हणजे ठीक.

दर वेळी तो मला कुत्री बघायला बोलवायचा आणि मी दर वेळी काहीतरी सबब सांगायचो. खरं कारण त्याला माहीत होतं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्यात ओला कुत्रा अंगाला लागला, त्याने हात चाटला, तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा माती लावून. नमाजी माणसाला हा खटाटोप नको वाटतो, म्हणून आम्ही कुत्र्यापासून चार हात लांबच राहतो. म्हातारा मालिकी पंथाचा. त्यांच्यात कुत्र्याचं एवढं वावडं नाही. तो मला सदीक म्हणायचा, म्हणजे दोस्त. हसायचा, "तुम आता नहीं, सदीक. कुत्ता खाता नहीं तुमको."

तर मागच्या हिवाळ्यात तो तक्रार घेऊन आला. दोनवर कुत्री लक्षच देत नाही. तीनवरही नाही. त्याहून वर जायला त्याचं मन घेत नव्हतं.

"एक बार चलो," तो म्हणाला. "गले में देखो. यहाँ टेबल पे क्या दिखेगा?"

मी म्हटलं, मशीन बोलते माझ्याशी, कुत्रा कशाला बघायला हवा. इथेच ठेवून जा. अगदी या शब्दांत म्हटलं. ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मी डबीची टोकं साफ केली, बॅटरी बदलली, मग बोटांवर लावून बटण दाबलं. एकवर काही नाही. दोनवर काही नाही. तीनवर किंचित चुणचुण. म्हटलं, सापडला रोग, मशीन अशक्त झाली आहे. आत एक बारीक स्क्रू असतो, झटक्याचा जोर त्याने कमीजास्त होतो. कारखान्यात तो बसवून वर लाखेचा ठिपका देतात. मी ठिपका खरवडला आणि दोनवर माझ्या बोटांना चांगलं जाणवेपर्यंत स्क्रू फिरवला. वरून माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. पट्ट्याला चिठ्ठी चिकटवली, "टेस्टेड ओके". शिवाय पट्टा देताना शहाणपणा केला, "हाजी, पट्टा ढिला पडत असेल, एक भोक आवळून बघा."

आवळायचा सल्ला बरोबर होता. थंडीत मानेवरचे केस दाट होतात आणि ढिल्या पट्ट्याची टोकं कातडीपर्यंत पोचत नाहीत. सगळं दुखणं एवढंच होतं. जाऊन बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

त्या दिवशी म्हाताऱ्याने मनगटावर लावून बघितलं नाही. चिठ्ठी वाचली, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि गेला.

दोन आठवड्यांनी तो परत आला तो स्टुलावर बसलाच नाही. पट्टा आणि रिमोट टेबलावर ठेवले. ठेवताना त्याचा हात थरथरत होता. हात थोडा हलायचा त्याचा, वयामुळे, पण त्या दिवशी रिमोट टेबलावर वाजला.

जे झालं ते त्याने तुटक तुटक सांगितलं. सकाळची वेळ, धुकं नुकतं विरलेलं, कुत्रीची मान दवाने ओली. ससा उठला. कुत्री झेपावली. त्याने हाक मारली, बीप दिलं. ती थबकली, वळली आणि त्याच्याकडे बघू लागली. पुन्हा सशाकडे जाईल असं वाटून त्याने बटण दाबलं. दोनवर. ती किंचाळून हवेत उडाली आणि सुसाट पळाली, सशाकडे नाही, त्याच्यापासून लांब. रिमोट त्याच्या हातून पडला. दुपारी ती तेलाच्या पाइपलाइनखाली अंग चोरून बसलेली सापडली. तेव्हापासून त्याला पाहिलं की पोट जमिनीला लावते, मागे सरकते. पिल्लू असताना त्याने हातावर दूध पाजलेली कुत्री त्याच्या हातचं खात नव्हती.

"डायल घूम गया होगा मेरे हाथ से," तो म्हणाला. "दो नहीं होगा, आठ-नौ होगा. और टाइम भी गलत. मेरी तरफ देख रही थी बेचारी. मेरा हाथ खराब हो गया, सदीक. खलास."

कुत्री तो एका ओळखीच्याला देऊन टाकणार होता, पुढच्या महिन्यात. ज्याच्या हाताला जनावर भितं त्याने ते बाळगू नये, असं त्याचं म्हणणं. पट्टा मला ठेवून घ्यायला सांगितला, सुटे भाग कामी येतील म्हणून. आणि गेला.

मी बॅटरी काढायला डबी उघडली आणि माझाच लाल ठिपका समोर आला. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा त्याच बनावटीचा पट्टा माझ्याकडे आला होता. दोन्हींना मीटर लावला. माझ्या हातून गेलेल्या पट्ट्याचं दोन हे दुसऱ्याच्या पाचाहून वर होतं. मशीन कधी अशक्त नव्हतीच. अशक्त माझी बोटं होती. राठ, कोरड्या कातडीला जे चुणचुण वाटलं ते मी एका ओल्या, नाजूक मानेवर पाठवलं होतं, आणि वर चिठ्ठी लावली होती.

त्याला फोन करायला काय लागत होतं? पण मी केला नाही. चार दिवस केला नाही. स्वतःला सांगत राहिलो, की वेळ चुकली असं तो स्वतःच म्हणतोय, मान ओली होती, आवळलाही जास्त असेल. सगळ्यात वाईट म्हणजे मनात असंही आलं, की कुत्री जाणारच आहे, गेली की विषय संपला. इतका हलका विचार मी करू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

बायकोने पाचव्या दिवशी ताट वाढता वाढता मला धरलं. "काय जालंय? चार दिस तुमी नीट जेवत नाय, बोलत नाय."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, कुत्र्याची भानगड आहे म्हटल्यावर ती नाक मुरडेल. ती माशाचं कालवण वाढायची थांबली.

"तो म्हातारा आपल्या हाताला दोष देत बसलाय आनी तुमी हितं गप बसलाव?" ती म्हणाली. "कुत्र्याला लागलेला हात सात पान्यानं धुता येतो. उद्या जुम्मा हाय. नमाज पडून सरळ त्याच्याकडं जावा."

गेलो. शहर संपलं की अर्ध्या तासात वाळवंट लागतं, पाइपलाइनी, हिवाळी तंबू, आणि मधेच कुणाकुणाचे पत्र्याचे गोठे. म्हाताऱ्याने दोन कुत्री आणि चार बकऱ्या तिथे ठेवल्या होत्या. मला गाडीतून उतरताना बघून त्याचा चेहरा उजळला. "आखिर आया!" तो म्हणाला. त्या आनंदाने माझं काम आणखी अवघड केलं.

उभ्या उभ्या सांगून टाकलं. स्क्रू, लाल ठिपका, बोटं, मीटर. डायल फिरला नव्हता, तुमचा हात चुकला नव्हता, दोन दोनच होतं, ते मी बिघडवलं. आणि हे मला सहा दिवसांपासून माहीत आहे.

त्याने माझ्या हातातला पट्टा घेतला, टोकं स्वतःच्या मनगटावर टेकवली, दोन लावून बटण दाबलं. हात झटकन मागे गेला. मनगट चोळत त्याने माझ्याकडे बघितलं. "गर्दन," तो म्हणाला.

मी मान वाकवली. त्याने ती टोकं माझ्या कानाखाली टेकवली आणि बटण दाबलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बकऱ्यासुद्धा वळल्या. दात एकमेकांवर आपटले, डोळ्यांत पाणी आलं. तो हसला नाही. पट्टा खाली ठेवून म्हणाला, "छह दिन." एवढंच. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ती कुत्री कुंपणाच्या पार टोकाला होती, वाळूच्या रंगाची. तो दोन पावलं पुढे गेला तशी ती भिंतीला चिकटली. तो तिथेच थांबला.

"मेरे पास नहीं आती," तो म्हणाला. "तुम्हारे हाथ में उसने बटन नहीं देखा. तुम बैठो."

त्याने माझ्या हातात उकडलेल्या मटणाचे तुकडे दिले आणि वाळूत बसायला सांगितलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीपासून लांब राहिलो ती अशी समोर येऊन उभी राहिली. मी जुम्म्याच्या पांढऱ्या कपड्यांत मांडी घालून बसलो, हात पुढे. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पाऊण तासाने ती आली, लांब मान ताणून, पाय मागेच ठेवून. तुकडा उचलताना तिची जीभ माझ्या बोटांना लागली. या मेलेल्या बोटांनाही ती ऊब कळली.

"बाल्टी वहाँ है," म्हातारा लांबून म्हणाला. नळाजवळ पाण्याची बादली होती आणि शेजारी डब्यात माती. वाळू नाही, काळसर माती, खजुरीच्या बागेतली. त्याने कधीतरी कुणा शाफई माणसाला विचारून ठेवलं असावं, की आमच्यात वाळू चालते का. मी येईन म्हणून किती हिवाळे तो डबा भरून ठेवला होता, कोण जाणे. मी एकटाच हात धूत होतो, सात वेळा, आणि तो पाठ फिरवून बकऱ्यांना चारा टाकत होता.

कुत्री देऊन टाकायचं त्याने लांबणीवर टाकलं. रमजान लागायला पाच जुम्मे होते, तोवर बघू म्हणाला. मी दर जुम्म्याला जात राहिलो. आधी मी एकटा बसायचो. मग तो माझ्यामागे दहा हातांवर, पाठ करून. मग शेजारी. चौथ्या जुम्म्याला मटण त्याच्या तळहातावर आणि त्याचा तळहात माझ्या तळहातावर. कुत्रीने ते घेतलं, पण त्याच्याकडे न बघता. तो माझ्याशी फारसं बोलायचा नाही. बादली असायची, माती असायची, आणि तो लांब असायचा. मी तो पट्टा, स्क्रू मूळ जागी आणून, मीटरवर चार वेळा तपासून दिला होता. त्याने तो खिळ्याला अडकवून ठेवला. इकडे माझ्या टेबलावरही फरक पडला. आता असा पट्टा आला की मी बोटं लावत नाही, मीटर लावतो, मग मनगटाच्या आतल्या बाजूला ओल्या फडक्यावरून बघतो, आणि मालकाला सांगतो की कुत्रा घेऊन या, मान बघू द्या. जोर वाढवून द्या म्हणणाऱ्याला सरळ परत पाठवतो. दोघेतिघे नाराज झाले. होऊ देत.

पाचव्या जुम्म्याला म्हातारा मला बसू देईना. मला कुंपणाच्या दाराशी उभं केलं आणि स्वतः उघड्या मैदानात चालत गेला, दूर, साठेक पावलं. हातात मटण नव्हतं, रिमोट नव्हता. कुत्री मोकळी, गळा मोकळा. ती माझ्या पायाशी उभी होती. त्याने हाक मारली, जुनी, दोरी बांधून शिकवलेली ती.

तिने कान उचलले. माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघत राहिलो. त्याने पुन्हा हाक मारली नाही. एकदाच मारायची हा त्याचा नियम. ती चार पावलं गेली, थांबली, आणि मग सुटली. मी तिला पळताना पहिल्यांदाच बघत होतो. म्हातारा गुडघ्यांवर बसायच्या आत ती पोचली होती, आणि तिने तोंड त्याच्या काखेत खुपसलं होतं. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

परत येताना ती त्याच्या उजव्या पायाला घासून चालत होती. माझ्यापाशी आल्यावर तिने माझा हात चाटला, पंजापासून मनगटापर्यंत, सवयीने. मी नळाकडे वळलो.

"ठहरो," म्हातारा म्हणाला.

त्याने डब्यातली माती पाण्यात कालवली, माझ्या हातावर घातली, मग तांब्या भरून स्वतः पाणी ओतू लागला. मोठ्याने मोजत होता, वाहिद, इथनेन, थलाथा. मी हात चोळत होतो आणि त्याच्या हाताकडे बघत होतो. सातापर्यंत पाण्याची धार सरळ माझ्या बोटांवर पडत राहिली, जरासुद्धा हलली नाही.